लाकडी मत्स्यपेटी: गळती थांबवावी ती पाण्याच्या बाजूने

शास्त्री नदी जेथे सागरास मिळते, तेथे दक्षिण तीरावर जयगड वसले आहे. पलीकडच्या तीरावर तवसाळ आणि मध्ये खाडी. या खाडीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्या बांधल्या गेल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावयाचा, वर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरावयाचे, आणि होडी पाण्यात लोटली म्हणजे लाकूड फुगून सांधे आपोआप घट्ट बसावयाचे, ही विद्या किनाऱ्यावरील सुतारास नवी नाही. आता बहुतेक नव्या होड्या काचतंतू व कृत्रिम राळ यांच्या होतात. तथापि लाकूड आणि पाणी यांचे वैर ओळखणारी दृष्टी या गावांत अद्याप आहे. शोभेचे मासे ठेवण्यासाठी प्लायवुडची पेटी घरी बांधावयाची झाल्यास तीच दृष्टी उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट उलटी धरावी लागते. होडीत पाणी बाहेरून आत येऊ पाहते. पेटीत ते आतून बाहेर जाऊ पाहते. पेटी गळण्याची बहुतेक कारणे हा भेद विसरण्यातून उद्भवतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या दोन महिन्यांत मच्छीमार कुटुंबाच्या हाती काम कमी असते. गप्पी, मोली यांसारखे मासे घरी वाढवून विकणे हा त्यावर एक लहानसा जोडधंदा होऊ शकतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या परसातील संगोपनाचाही समावेश करण्यात आला. रत्नागिरीस झाडगाव येथे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र असून तेथील मत्स्यालय पाहिल्यास पेटीतील मासा कसा ठेवावा याची कल्पना येते. परंतु धंद्याचा पाया म्हणजे न गळणारी पेटी. एका रात्रीत पेटी रिती झाली तर मासे जातात, घराची जमीन भिजते, आणि विजेचा पंप जवळ असल्यास माणसाच्या जिवावर बेतते.

काचेऐवजी लाकूड का?

लहान पेटी काचेचीच करावी. ती स्वस्त व सोपी पडते. पेटी मोठी झाली की जाड काच जड होते, महाग पडते, आणि खेड्यापर्यंत आणताना फुटण्याची धास्ती असते. अशा वेळी तीन बाजू व तळ प्लायवुडचे करून समोर फक्त एक पारदर्शक खिडकी ठेवतात. खिडकी केवळ शोभेसाठी नसते. अंगावरचे पांढरे ठिपके, झडलेले पर, खपाटीस गेलेले पोट ही रोगाची चिन्हे वरून नीट दिसत नाहीत; बाजूने दिसतात. खिडकीसाठी ॲक्रिलिकचा पत्रा सोयीचा असतो. त्याचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी भरते आणि तो सहसा फुटत नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी बसवलेला बोगदा ॲक्रिलिकचाच होता.

पाण्याचा भार

आतून १२० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद व ६० सेंटीमीटर उंच अशी पेटी घेऊ. तीत ५५ सेंटीमीटर पाणी भरल्यास ते ३९६ लिटर, म्हणजे सुमारे चार क्विंटल होते. समोरच्या बाजूवर या पाण्याचा एकूण रेटा सुमारे १८० किलो पडतो. हा दाब पेटीच्या लांबीवर नव्हे, तर पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो; म्हणून तळाजवळचे सांधे सर्वांत अधिक ताणले जातात. खोली वाढवावयाची असल्यास पुढील मापे तशीच न वापरता जाडी वाढवणे अगत्याचे आहे.

प्लायवुड १८ किंवा १९ मिलीमीटर जाडीचे, आय. एस. ७१० या मानकाचे, म्हणजे मरीन प्लायवुड घ्यावे. त्याचा डिंक पाण्याने सुटत नाही. परंतु किडीपासून रक्षणासाठी त्यास औषध दिलेले असते आणि ते पाण्यात उतरल्यास माशांस घातक ठरू शकते. यास्तव आतील बाजूस बोटभरही लाकूड उघडे राहता कामा नये. समोरची फळी चार पट्ट्या जोडून न करता एका अखंड फळीत ९० × ४० सेंटीमीटरचे भोक कापून करावी. भोकाखाली व वर प्रत्येकी दहा सेंटीमीटर लाकूड राहू द्यावे. सांध्यांस डिंक व स्टेनलेस पोलादाचे स्क्रू लावावे. पितळेत तांबे असते, ते टाळावे. वरच्या काठावर सभोवार दहा सेंटीमीटर रुंदीची पट्टी बसवावी, म्हणजे बाजू बाहेर फुगत नाहीत.

लाकडावर राळेची कातडी

होडीची फळी भिजून फुगते व सांधा मिटतो. प्लायवुड भिजले तर फुगून सुटते. म्हणून येथे लाकडाचे काम फक्त भार सोसण्याचे. पाणी धरण्याचे काम आतील राळेच्या अखंड कातडीचे. त्यासाठी इपॉक्सी राळ वापरावी. होड्यांच्या कारखान्यात वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ स्वस्त असते; पण लाकडाशी तिची पकड इपॉक्सीइतकी चांगली नसते. ती वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये: तिचा कॅटलिस्ट आणि कोबाल्ट हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो.

काम कोरड्या हवेत, फेब्रुवारी–मार्चमध्ये करावे. पावसाळ्यात लाकडात ओल राहते व राळ धरत नाही. राळ व कठिणक यांचे प्रमाण डब्यावर दिले असेल तेच काटेकोर घ्यावे. कठिणक अधिक घातल्याने राळ लवकर वाळत नाही. ती कायमची चिकट राहते. एका वेळी थोडीच राळ कालवावी, कारण भांड्यात साठलेली राळ तापून उकळू लागते. हातमोजे घालावे, हवा खेळती ठेवावी, जवळ विस्तव नसावा.

प्रथम फळ्यांच्या कापलेल्या कडा राळेने पुन्हा पुन्हा भिजवाव्या. त्या सर्वांत अधिक पाणी पितात. मग आतील कोपरे राळ व भुकटी यांच्या लांबीने भरून गोल करावे. त्यांवर दहा सेंटीमीटर रुंद काचतंतूंच्या कापडाची पट्टी राळेत बसवावी, आणि शेवटी सर्व आतील भागावर तीन हात द्यावे. भोकाच्या कडाही यात येतात. दिवस तापत असताना लाकडातील हवा फुगून लेपात बुडबुडे व सुईएवढी छिद्रे पडतात. म्हणून हात उन्ह उतरल्यावर द्यावा. लेप वाळल्यावर वर तेलकट थर येतो. तो साबणपाण्याने धुऊन, काचकागदाने घासल्यावाचून पुढचा हात देऊ नये. शेवटच्या हातानंतर पेटी आठवडाभर तशीच ठेवावी.

खिडकी आतूनच

खिडकी बाहेरून चिकटवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. सिलिकॉनची ॲक्रिलिकवरील पकड दुबळी असते. बाहेरून लावलेल्या पत्र्यास पाणी ढकलून सोडवीत राहते. आतून लावलेल्या पत्र्यास तेच पाणी चौकटीवर दाबून धरते. येथे सिलिकॉन हा डिंक नसून दोन कठीण पृष्ठांमधील मऊ गादी आहे, असे समजावे.

९० × ४० सेंटीमीटरच्या भोकास १०० × ५० सेंटीमीटरचा पत्रा घ्यावा, म्हणजे सभोवार पाच सेंटीमीटर टेकू मिळतो. जाडी १२ मिलीमीटरहून कमी नसावी. तेवढ्या जाडीचा पत्राही मध्यभागी काही मिलीमीटर फुगतो, त्याने घाबरू नये. पत्र्यास भोके पाडून स्क्रू मारू नयेत. तेथून तडा जातो. ॲक्रिलिक तापले की काचेच्या सुमारे आठ पट प्रसरण पावते. एक मीटर पत्रा दहा अंश तापल्यास पाऊण मिलीमीटरच्या जवळपास वाढतो. म्हणून तो खाचेत करकचून बसवू नये.

चौकटीचा टेकू सपाट आहे की नाही हे सरळ पट्टीने पाहावे. तो भाग काचकागदाने घासून स्वच्छ पुसावा. पत्रा साबणपाणी व मऊ सुती फडक्यानेच पुसावा. थिनर किंवा स्पिरिट लावल्यास त्यावर बारीक भेगा पडतात. सिलिकॉन मत्स्यपेटीसाठी योग्य असल्याचे डब्यावर पाहून घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमधील औषध माशांस अपायकारक असते. पेटी समोरच्या बाजूवर आडवी ठेवून टेकूवर सिलिकॉनची अखंड जाड वळी घालावी आणि पत्रा हलकेच ठेवावा. सर्व सिलिकॉन दाबून बाहेर काढू नये. आधीच वाळवलेल्या सिलिकॉनचे तीन मिलीमीटर जाडीचे तुकडे मध्ये ठेवल्यास गादी सारखी राहते. मग आतील कडेने दुसरी वळी फिरवावी आणि सात दिवस पेटी हलवू नये. पेटी रिकामी असताना खिडकी बाहेरून कधीही दाबू नये.

परीक्षा

पाणसळीने तपासलेल्या भक्कम ओट्यावर, थर्मोकोलच्या पत्र्यावर पेटी ठेवावी. पहिल्या दिवशी एकतृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोनतृतीयांश आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण पाणी भरावे व आठवडाभर पाहावे. पाणी उतरले तर ते गळाले की आटले हे कळण्यास शेजारी सरळ बाजूंचे एक भांडे भरून ठेवावे. दोन्हींतील पातळी सारखीच उतरली तर पाणी आटले. पेटीतील अधिक उतरली तर ती गळते. बाहेरून थेंब दिसल्यास पुसून रांगोळीची भुकटी लावावी. दमट हवेने आलेला घाम सर्वत्र उमटतो. गळतीची रेघ एकाच जागेहून निघते.

गळती सापडल्यास बाहेरून लांबी भरण्याचा मोह होतो. त्याने पाणी दिसेनासे होते, थांबत नाही. ते प्लायवुडच्या थरांत शिरून पेटी आतून कुजवते. पेटी रिकामी करावी, पूर्ण वाळवावी आणि दुरुस्ती आतूनच करावी. जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. जुने खरवडून काढावे.

परीक्षेचे पाणी टाकून द्यावे. पेटी एप्रिलपर्यंत तयार झाल्यास पाणी मुरवून गाळणी चालू करण्यास वेळ मिळतो, आणि मेअखेर थोडे मासे सोडता येतात. खिडकीवरील शेवाळ मऊ फडक्याने पुसावे. पात्याने ओरखडे उठतात. विजेची तार खुंटीपाशी जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे थेंब खुंटीत न जाता खाली गळतो. नको झालेले मासे खाडीत किंवा ओढ्यात सोडू नयेत.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी अशी पेटी पाहावयास गेल्यावर प्रथम मासे पाहू नयेत. खिडकी कोणत्या बाजूने बसवली आहे आणि आत कोठे लाकूड उघडे आहे काय, हे आधी पाहावे. या दोन गोष्टी ठीक असतील, तर पुढचा सल्ला देण्यास पेटी टिकून राहील.