लवाजमा : शब्दात कोण, शब्दाबाहेर कोण?

इंग्रजीच्या तासाला ‘रेटिन्यू’ हा शब्द आला. मी फळ्यावर अर्थ लिहिला : लवाजमा. मागच्या बाकावरून खटाव तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, साहेबाच्या घोड्यापुढं पळणारा आमचा पणजा यात धरायचा का?” तासाला मला उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

‘रेटिन्यू’ इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. ‘रतनीर’ म्हणजे धरून ठेवणे, या क्रियापदापासून तो बनला. धन्याने आपल्याजवळ राखलेली माणसे, हा त्याचा अर्थ. आपला ‘लवाजमा’ अरबी-फारसीचा. ‘लाजिम’ म्हणजे आवश्यक. त्याच्या अनेकवचनातून हा शब्द आला. म्हणजे मुळात लागणारे सामान. हत्ती, घोडे, छत्र, अब्दागिरी आणि माणसे, सारे एकाच यादीत. साताऱ्याची गादी असो की सांगलीचे पटवर्धनी संस्थान, दरबारी थाटाची भाषा हीच.

तरीही या यादीतल्या माणसाला हुद्दा होता. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. ती धरणारा तो चोपदार. काठी आमच्या वेसकराच्या हातातही होती, घुंगरांची. पण चोपदाराची काठी मानाची ठरली आणि वेसकराची दारोदार भाकरी मागण्याची. अंमलदाराचे ओझे वाहणे, वाट दाखवणे, निरोप पोचवणे ही कामे महारांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यांना कोणी लवाजमा म्हटले नाही. त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता : वेठ. तो फारसीतून आलेला नाही. संस्कृत ‘विष्टि’ पासून आला आहे. अर्थ, सक्तीची फुकट मेहनत.

१८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महाराचे काम किती आणि मोबदला किती, हे ठरलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे : तुझा पणजा लवाजम्यात नव्हता. तो राखलेला नोकर नव्हता, राबवलेला माणूस होता. जुने कागद वाचताना लवाजम्याची यादी जरूर पाहा. पण यादीतले ओझे कोणाच्या डोक्यावर होते, तेही विचार.