प्लास्टिकची पारख

धारावीच्या ‘तेरा कंपाउंड’ या भंगारवस्तीत प्लास्टिक निवडणारा कामगार हातातला तुकडा आधी वाकवून बघतो, मग नखाने ओरखडतो. तरीही शंका उरली, तर टोक पेटवून धूर हुंगतो. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला, तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. ज्योत बाजूला घेताच आग विझली आणि धूर नाकाला झोंबला, तर पीव्हीसी. काळी काजळी उडाली, तर पॉलिस्टायरीन.

एवढी पारख लागते, कारण सगळं प्लास्टिक एक नसतं. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वितळवून एकत्र केले तरी त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांत मुरत नाहीत. अशा मिश्रणाची बादली लवकर तडकते. पाण्याच्या बाटल्यांचं ‘पेट’ हे प्लास्टिक भेसळीच्या बाबतीत याहून नाजूक. बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकला की झाकणांचे तुकडे तरंगतात आणि पेट तळाला बसतं. पण पीव्हीसीही बुडतं! पेट वितळायला सुमारे २६० अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्याच्या कितीतरी आधी पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड वायू सोडू लागतं आणि तो पेटच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. थोडंसं पीव्हीसीही मोठा माल नासवतं. पाण्याने न होणारी ही निवड शेवटी माणसावर येते, आणि हाच वायू धूर हुंगणाऱ्याच्या छातीत जातो.

निवडलेला माल दळला, धुतला, वाळवला जातो. मग यंत्रातून वितळलेल्या प्लास्टिकचे शेवयांसारखे धागे बाहेर पडतात, पाण्यात थंड होतात आणि त्यांचा ‘दाणा’ कापला जातो. कचरावेचक, भंगारवाला, घाऊक व्यापारी, दाणेवाला अशा प्रत्येक टप्प्यावर भाव चढतो. खनिज तेल स्वस्त झालं की नवा दाणाही स्वस्त होतो, जुन्याची मागणी घटते आणि त्याची झळ थेट कचरावेचकाच्या पोटाला बसते.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. घरोघरचं सेवाशुल्क आणि भंगाराची विक्री, असं दोन्हीकडून सभासदांना उत्पन्न मिळतं. अशी व्यवस्था प्रत्येक शहरात हवी.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटापुढे मात्र सगळी पारख थकते. त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. ते नखाने सुटत नाहीत, पाण्यानेही नाहीत. भंगारवाला त्याला भाव देत नाही, म्हणून कचरावेचक बाई बाटली पोत्यात टाकते आणि पाकीट ढिगावरच सोडते.