दीडपटीचं सूत्र

व्याजदर पाव टक्क्याने वाढवायचा की आहे तिथेच ठेवायचा, हे ठरवणारे नेमकं काय बघतात? संपादकांचा हा प्रश्न घेऊन मी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह (फेड) या मध्यवर्ती बँकेची कागदपत्रं चाळायला बसलो. 1913 चा कायदा, 1977 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नेमून दिलेली स्थिर किमतींची आणि रोजगाराची जबाबदारी, वर्षाला आठ बैठका, हे सगळं भराभर वाचून झालं. अडकलो ते एका ओळीच्या सूत्रात.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी ते 1993 मध्ये मांडलं. महागाईच्या दरात 2 मिळवा. महागाई 2 टक्क्यांच्या जितकी वर, त्याच्या निम्मे मिळवा. देशाचं उत्पादन कुवतीपेक्षा जितके टक्के जास्त, त्याच्याही निम्मे. कमी असेल तर वजा. झाला व्याजदर. उत्पादन कुवतीइतकं असताना महागाई 2 टक्के, तर दर 4. महागाई 4 झाली, की दर 7. महागाई दोनाने चढली, दर तीनाने. सगळी खुबी या दीडपटीत आहे. दर महागाईइतकाच वाढवला, तर कर्ज खऱ्या अर्थाने महाग होतच नाही आणि खरेदीचा जोर तसाच राहतो. गंमत अशी, की 1987 ते 1992 या काळातले फेडचे दर या सूत्राला जवळजवळ चिकटून चालतात. तेव्हा सूत्र छापलंही गेलं नव्हतं!

मग बैठका हव्यात कशाला? घोडं अडतं ते 'कुवती'पाशी. महागाई दुकानात जाऊन मोजता येते. कुवतीचा फक्त अंदाज बांधायचा. 1970 च्या दशकात फेडला अर्थव्यवस्था कुवतीच्या बरीच खाली वाटत होती. पुढे आकडे सुधारले, तेव्हा ती तूट पुष्कळच लहान निघाली. म्हणजे सूत्र असतं, तरी चुकीच्या आकड्यांवर चुकीचंच उत्तर आलं असतं. सुरुवातीला मिळवायचे ते 2 सुद्धा वादातले. अलीकडचे अनेक अंदाज त्याहून खालचे आहेत. सूत्र डोळे मिटून पाळू नये, हे टेलर यांनीही सांगितलं होतं.

म्हणून 2017 पासून फेड काँग्रेसला द्यायच्या अहवालात अशी अनेक सूत्रं शेजारीशेजारी छापू लागली. 2021 मध्ये महागाई भडकली, सूत्रं चढा दर मागू लागली. फेडचा दर मात्र मार्च 2022 पर्यंत शून्यालगतच राहिला. आणि फेब्रुवारी 2022 च्या अहवालातून सूत्रांचा भाग गायब! टीका झाल्यावर जूनमध्ये तो परतला. त्याच महिन्यात महागाई 9.1 टक्के होती.

दर सूत्राने ठरवावा, असं मी म्हणणार नाही. पण सूत्र सोडलं तर का सोडलं, हा प्रश्न अहवालातल्या त्या भागामुळे लेखी समोर येतो. नेमक्या अडचणीच्या वेळी तोच बाजूला पडावा, हे मला आकडा चुकण्यापेक्षा जास्त खटकतं.