काजू बोंडूचा रस: हौशी आंबवण, कायदा आणि कमी खर्चातला लोगो

काजूचा हंगाम सुरू झाला की बी गोळा होते, बोंडू झाडाखालीच राहते. बोंडूचे वजन बीच्या साधारण सहा ते आठ पट भरते. म्हणजे १०० किलो बी हाती आली, तर ६०० ते ८०० किलो बोंडू बागेत पडलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यात त्यातले बहुतेक कुजून जाते. गोव्यात याच बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे बागायतदारांच्या घरातले तरुण हमखास विचारतात: "आपणही हौस म्हणून पाच-दहा लिटर रस आंबवला, बियरसारखे काही बनवले आणि छानसा लोगो लावून विकले तर?"

प्रश्न चांगला आहे. मात्र उत्तर देताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: रसात नेमके काय घडते, कायदा काय म्हणतो आणि बाटलीवर काय छापावे लागते. यांतली एक जरी चुकली तरी हौस महागात पडते.

रस आंबतो म्हणजे काय होते?

बियर बार्लीपासून करतात. बार्लीत साखर नसते, पिष्ट असते. म्हणून आधी दाणे भिजवून मोड आणतात, वाळवतात आणि भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड आलेल्या दाण्यातील विकरे (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. नाचणीचे सत्त्व करताना आपण मोड आणतो, त्यामागचे तत्त्व हेच. त्यानंतर हॉप्स घालून उकळणे, थंड करणे आणि यीस्ट टाकणे. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते.

बोंडूत ही सारी खटपट निसर्गानेच केलेली असते. पिकलेल्या बोंडूच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे विद्राव्य घटकांचे प्रमाण, साधारण १० ते १३ असतो आणि त्यात मुख्यतः साखरच असते. यीस्ट फळाच्या सालीवर आधीच बसलेले असते. ढोबळ हिशेब असा: ब्रिक्सला ०.५५ ने गुणले की पूर्ण आंबल्यावर किती टक्के मद्यार्क होईल ते कळते. १२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर सुमारे साडेसहा टक्के मद्यार्क होतो. म्हणजे काहीही न घालता, केवळ ठेवून दिलेला रस बियरपेक्षा थोडा कडकच होतो.

सर्वांत महत्त्वाचा आकडा: ०.५ टक्के

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त मद्यार्क असलेले पेय मद्यपेयात मोडते. वरच्या हिशेबाने ब्रिक्स जेमतेम एकाने उतरला की ही रेषा ओलांडली जाते. एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी काढलेला रस कॅनमध्ये तसाच राहिला तर दुपारपर्यंत फेस धरू लागतो. दारू करण्याचा हेतू नसतानाही तुमचा "ताजा रस" नियमाच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणून रस काढल्यापासून दोन तासांत तो गरम करून थंड करा किंवा थेट फ्रीजमध्ये ठेवा. उन्हात, स्टॉलवर, पिंपात ठेवून बोंडूचा ताजा रस विकू नका.

एक सूचना: आंबायला लागलेल्या रसाचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर येत नाही. मद्यार्कामुळे तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि रस चांगलाच आहे असा समज होतो. फेस, आंबूस वास किंवा झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला तर तो रस विक्रीसाठी वापरू नका.

हौस म्हणून घरी बियर किंवा वाइन करता येते का?

महाराष्ट्रात विनापरवाना नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास व दंड अशी शिक्षा आहे. "घरच्यापुरते", "फक्त पाच लिटर", "विकत नाही" अशी सूट त्यात नाही. पिण्याचा वैयक्तिक परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे.

रीतसर मार्ग मात्र आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलली ही सूक्ष्म मद्यनिर्माणी परवाना घेऊन सुरू झाली. पुण्यातच मधापासून "मीड" करणारी मूनशाइन मीडरी हौशीतून उभी राहिली, पण तिची बाटली बाजारात गेली ती परवाना मिळाल्यानंतरच. बोंडूची वाइन करायची असेल तर एकट्याने धडपडू नका. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत रत्नागिरी येथील राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात चौकशी करा आणि प्रक्रियेसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. हाती परवाना येईपर्यंत रस आंबवू नका.

"फेणी" हे नाव तर कोणत्याही परिस्थितीत लेबलवर नको. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

आंबलेला रस बाटलीत भरण्याचा धोका

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून काही जण रस बाटलीत भरून घट्ट बूच लावतात. हे फार धोक्याचे आहे. एक ग्रॅम साखर आंबली की पाव लिटरहून थोडा अधिक वायू तयार होतो. लिटरभर रसातली फक्त १० ग्रॅम साखर आंबली तरी अडीच लिटरहून जास्त वायू होतो. बाजारातल्या बियरच्या बाटलीत साधारण तेवढाच असतो. ३० ग्रॅम आंबली तर तिप्पट. पूर्ण गोड रसात तर लिटरला १०० ग्रॅमहून जास्त साखर असते. काचेची बाटली हा दाब सोसत नाही, फुटते, आणि काचा डोळ्यात जाऊ शकतात. घरात मुले असतात हे लक्षात ठेवा.

आज करता येण्यासारखे: बोंडू सिरप

फेसाळ, थंड, बियरसारखे दिसणारे पेय हवे असेल तर आंबवण्याची गरजच नाही. सिरप करा आणि देताना सोडा मिसळा. वायू सोड्यातून मिळतो आणि मद्यार्काचा प्रश्न येत नाही.

१. त्याच दिवशी पडलेली किंवा हाताने काढलेली, पक्व, न फुटलेली बोंडे घ्या. बी वेगळी करा. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

२. बोंडे १० मिनिटे वाफवा. घसा धरणारा तुरटपणा काही अंशी कमी होतो आणि सालीवरचे यीस्टही मरते.

३. रस काढून मलमलच्या फडक्यातून गाळा. लोखंडी भांडे वापरू नका, रस काळा पडतो. स्टील वापरा.

४. उरलेला तुरटपणा काढण्यासाठी लिटरला ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून पेज करा, गार करा आणि रसात मिसळा. भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. टॅनिन तळाशी बसते. सकाळी वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या.

५. एक लिटर नितळ रसाला १.६ किलो साखर आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. ८५ अंशांपर्यंत गरम करून साखर विरघळवा, गाळा आणि निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरून झाकण लावा.

यातून सुमारे दोन लिटर सिरप मिळते. त्याचा ब्रिक्स ६५ च्या आसपास येतो. नियमाप्रमाणे फळांच्या सिरपमध्ये किमान ६५ टक्के विद्राव्य घटक आणि किमान २५ टक्के रस लागतो. या प्रमाणात दोन्ही अटी पूर्ण होतात. तरीही प्रत्येक घाण्याचा ब्रिक्स मोजून वहीत लिहा. बोंडूची गोडी झाडागणिक बदलते. ६५ च्या खाली आला तर थोडी साखर वाढवा. इतक्या साखरेत यीस्ट सहसा वाढत नाही. परिरक्षक वापरलेच तर ठरवून दिलेल्या मर्यादेतच वापरा आणि लेबलवर लिहा.

देताना एक भाग सिरप आणि चार ते पाच भाग थंड सोडा घ्या. आल्याचा थोडा रस घातला तर चव खुलते.

कमी खर्चातला लोगो

लोगोचे काम एकच: गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा तुमची बाटली ओळखली पाहिजे. त्यासाठी हजारो रुपये लागत नाहीत.

- एकच आकृती ठेवा. खाली बी लटकलेले बोंडू हे चित्र इतके वेगळे आहे की दुसऱ्या कोणत्याही फळाशी गल्लत होत नाही. होडी, नारळ, समुद्र, सूर्य सगळे एकत्र कोंबू नका.
- आधी काळ्या-पांढऱ्यात काढा. एका रंगात चांगला दिसणारा लोगो रबरी शिक्क्यानेही उमटवता येतो. सुरुवातीच्या ५०-१०० बाटल्यांना खाकी कागद आणि शिक्का पुरतो. रंगीत छपाई मागणी ठरल्यावर करा.
- दोन कसोट्या घ्या. दोन सेंटीमीटर रुंदीत छापून पाहा, नाव वाचता येते का? मग बाटली फळीवर ठेवून सहा फुटांवरून पाहा, ओळखता येते का?
- अक्षर मोफत मिळते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे "मुक्त" आणि "बालू" हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. व्यवसायासाठीही विनाशुल्क वापरता येतात.
- तयार नमुन्यांपासून सावध राहा. मोफत ॲपमधले चित्र इतर शेकडो जण वापरत असतात. त्यावर तुमचा एकट्याचा हक्क सांगणे अवघड जाते. त्यापेक्षा गावातल्या चित्रकला शिक्षकांकडून काढून घ्या, मानधन द्या आणि "या चित्राचे हक्क दिले" अशी सहीची चिठ्ठी घ्या. चित्राची व्हेक्टर फाइलही मागून घ्या. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

लोगोत काय नको?

छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र व्यापारी चिन्हात वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मनाई आहे. श्रद्धेने लावले तरी ते चालत नाही. राजमुद्रा आणि राष्ट्रध्वजही नकोत. हापूस, कोकम यांसारख्या मानांकित उत्पादनांचे बोधचिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय लावू नका. सिरपच्या बाटलीवर फेसाळ मग किंवा "बियर" हा शब्द टाळा; गिऱ्हाइकाचा गैरसमज होतो आणि तपासणीत खुलासा करावा लागतो.

नाव टिकवायचे असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. सिरप आणि बिनमद्यार्की पेये वर्ग ३२ मध्ये येतात. बियरही त्याच वर्गात आहे. वाइन वर्ग ३३ मध्ये येते. नोंदणी १० वर्षे टिकते. अर्जापूर्वी संकेतस्थळावर तसेच नाव आधी कोणी घेतले आहे का ते जरूर शोधा.

लेबलवर हे असलेच पाहिजे

पदार्थाचे नाव, घटक (जास्त प्रमाणापासून कमीकडे), पोषणमूल्ये, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, घाणा क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि हिरवे शाकाहारी चिन्ह. सक्तीची माहिती हिंदी (देवनागरी) किंवा इंग्रजीत द्यावी लागते. मराठी त्यासोबत जरूर द्या. "मधुमेहावर गुणकारी" असे दावे लिहू नका. सिरपमध्ये साखर किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या हंगामाचे नियोजन

पहिल्या वर्षी २० लिटरपेक्षा जास्त करू नका. आधी अन्न नोंदणी, मग सिरप, मग लोगो, शेवटी छपाई हा क्रम पाळा. बरेच जण लोगोपासून सुरुवात करतात आणि एक हजार लेबले छापून बसतात. नोंदणी क्रमांक नंतर येतो आणि सगळी लेबले रद्दीत जातात. प्रत्येक घाण्यातली एक बाटली विकू नका, ती घरातल्या साध्या तापमानाला ठेवा आणि दर महिन्याला पाहा. ती पावसाळा संपेपर्यंत नितळ राहिली, झाकण फुगले नाही, तर पुढच्या वर्षी प्रमाण वाढवायला हरकत नाही. वापराची अंतिम तारीख मात्र मनाने ठरवू नका. प्रयोगशाळेतून तपासून घ्या.