सही कोणाची?

चालता धंदा विकत घ्यायचा, म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी बोलायचं, अशी आपली समजूत. माझीही होती. एका छापखान्याचा सौदा थोरल्या भावाशी चार महिने चालला. यंत्रं पाहिली, किंमत ठरली, चहा किती झाले त्याची गणती नाही. मग कळलं, जागा भागीदारी संस्थेची आणि निम्मा हिस्सा आईंचा. आईंना विकायचंच नव्हतं! फसवलं कुणी नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम १९ सांगतं, की तसा करार किंवा व्यापारातली रूढी नसेल तर एकट्या भागीदाराला संस्थेची स्थावर मालमत्ता परस्पर विकता येत नाही. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या भेटीतच भागीदारीपत्र पाहायला मागावं. संस्था नोंदलेली असेल तर भागीदारांची नावं निबंधकांच्या कार्यालयातही पाहता येतात.

पण कागदावर नसलेली माणसंही असतात. धंद्यातून निवृत्त झालेले वडील, परदेशातला मुलगा. म्हणून मी आता सरळ विचारतो, "आपलं जमलं, तर घरी कुणाकुणाला विचारावं लागेल?" बहुतेक जण मोकळेपणानं नाव सांगतात. मग पुढची भेट त्यांच्या सोयीनं ठरवायची. किंमतीचा विषय तोवर काढायचा नाही.