जलवनस्पतींच्या मत्स्यालयासाठी फिल्टर माध्यमाची निवड

या टिपणात आपण एका छोट्या पण परिपूर्ण जलशुद्धीकरण यंत्रणेचा विचार करणार आहोत. ती म्हणजे जिवंत वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाचा फिल्टर. दुकानात स्पंज, सिरॅमिक रिंग, बायोबॉल, कार्बन, झिओलाइट असे अनेक प्रकार मिळतात आणि पाकिटांवर पृष्ठफळाचे मोठमोठे आकडे असतात. त्यांतले काय घ्यावे आणि किती घ्यावे, हे गणित मांडून ठरवू.

१. फिल्टरची कामे

मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य आणि कुजलेली पाने त्यात भर घालतात. पाण्यात याची दोन रूपे असतात : विषारी मुक्त अमोनिया आणि बराच कमी घातक अमोनियम. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो. माध्यमावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट तुलनेने सौम्य.

म्हणून माध्यमाची तीन कामे ठरतात : गाळ अडवणे (यांत्रिक), जिवाणूंना जागा देणे (जैविक) आणि विरघळलेले पदार्थ शोषणे (रासायनिक).

वनस्पतींच्या टाकीत एक फरक लक्षात ठेवा. वनस्पती स्वतःच अमोनियम शोषून घेतात, म्हणजे त्या फिल्टरचाच भाग असतात. त्यामुळे जैविक भार कमी होतो, पण गळलेल्या पानांमुळे यांत्रिक भार वाढतो.

२. किती पृष्ठफळ लागेल?

उदाहरण : ६० × ३० × ३६ सेंमी टाकी. एकूण घनफळ सुमारे ६५ लिटर. माती व दगड वगळून पाणी ५५ लिटर धरू. रोजचे खाद्य ०.५ ग्रॅम, त्यात प्रथिने ४० टक्के आणि प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के.

रोजचा नायट्रोजन = ०.५ × ०.४० × ०.१६ = ०.०३२ ग्रॅम.

हा सगळा अमोनिया झाला आणि वनस्पतींनी काहीच घेतले नाही, असे वाईटात वाईट गृहीत धरू. जिवाणूंच्या थराचा दर दर चौरस मीटरला रोज ०.२ ग्रॅम धरल्यास लागणारे पृष्ठफळ = ०.०३२ ÷ ०.२ = ०.१६ चौ.मी.

आता माध्यमे पाहू. १ घनमीटर माध्यमातील पृष्ठफळ असे काढतात :

गोलाकार कणांसाठी : ६ × (१ − रिक्तता) ÷ व्यास
तंतूंसाठी : ४ × (१ − रिक्तता) ÷ व्यास

१० मिमी व्यासाचे गुळगुळीत गोळे, रिक्तता ०.४० : ३६० चौ.मी., म्हणजे लिटरला ०.३६ चौ.मी.
स्पंज, तंतूंचा व्यास ०.२ मिमी, रिक्तता ०.९७ : ६०० चौ.मी., म्हणजे लिटरला ०.६ चौ.मी.

म्हणजे १ लिटर साधा स्पंज गरजेच्या जवळजवळ चौपट जागा देतो. ही चौपट उधळपट्टी नव्हे. अमोनिया कमी असताना जिवाणूंचा दरही घटतो, त्यासाठी ती लागते. सच्छिद्र माध्यमांच्या पाकिटावरील प्रचंड आकड्यांत अतिसूक्ष्म छिद्रेही मोजलेली असू शकतात. जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा असतो. त्याहून बारीक छिद्राचा त्याला उपयोग नाही.

३. कोणते घ्यावे, कोणते टाळावे

जाड स्पंज : पहिली पसंती. गाळ अडवतो, जिवाणूंना जागा देतो, स्वस्त आणि टिकाऊ.
फिल्टर वूल : बारीक गाळासाठी पातळ थर. लवकर तुंबते, म्हणून वरचेवर बदलावे.
सिरॅमिक रिंग : चांगल्या, पण गाळ अडवल्यानंतरच ठेवाव्यात.
अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन : औषधोपचारानंतर औषध काढण्यासाठी किंवा पाण्याचा पिवळेपणा घालवण्यासाठी. कायम ठेवण्याची गरज नाही.
झिओलाइट : अमोनियम शोषते, म्हणजे वनस्पतींचेच अन्न पळवते. आणीबाणीपुरते वापरावे.
प्रवाळाचा चुरा, शिंपले : पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवतात. मृदू पाणी हवे असल्यास टाळावेत.

पाणी हवेतून ठिबकत जाणारा बायोबॉलचा फिल्टर प्राणवायू भरपूर देतो, पण पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही घालवतो. तुम्ही वनस्पतींसाठी तो वायू सोडत असाल तर असा फिल्टर नको.

४. मांडणी आणि प्रवाह

पाण्याच्या वाटेत क्रम असा ठेवा : जाड स्पंज, बारीक वूल, मग सिरॅमिक. ताशी टाकीच्या चार-पाच पट प्रवाह पुरतो. आपल्या उदाहरणात सुमारे २५० लिटर. पंपावरचा आकडा सहसा माध्यमाशिवायचा असतो, म्हणून स्वतः मोजा. १ लिटरचे माप १४ सेकंदांत भरले, तर प्रवाह ३६०० ÷ १४ = ताशी २५७ लिटर. हाच आकडा महिनाभराने निम्मा झाला, तर माध्यम तुंबले आहे असे समजा.

५. वीज गेली तर

१ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होण्यास ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या टाकीत रोज १४६ मि.ग्रॅ., म्हणजे ताशी सुमारे ६ मि.ग्रॅ. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये २ लिटर पाणी असेल, तर त्यात प्राणवायू जेमतेम १५ मि.ग्रॅ. असतो. तो अडीच तासांत संपेल. गाळ कुजवणारे इतर जिवाणू धरले तर त्याआधीच. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल, तर डब्यातले पाणी फेकूनच पंप सुरू करा. वारंवार वीज जाणाऱ्या गावात टाकीतच बसवलेला उघडा स्पंज अधिक सुरक्षित.

६. माध्यम धुताना

आमच्या प्रयोगशाळेतील टाकीचा स्पंज मी एकदा सुट्टीआधी नळाखाली धरून अगदी नवा दिसेपर्यंत धुतला. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि आठवड्याअखेर निम्मे गेले. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि माझ्या अतिउत्साहाने जिवाणूंचा थर गेला होता. मी मळ समजून जे धुतले, तोच खरा फिल्टर होता.

म्हणून माध्यम टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत, हलके पिळा. सगळे माध्यम एकदम बदलू नका. नव्या टाकीत जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा ठेवल्यास हा काळ कमी होतो. पाणी स्वच्छ दिसते यावर विसंबू नका. अमोनिया आणि नायट्राइट चाचणीत शून्य आले, तरच फिल्टर काम करतो आहे असे म्हणा.

स्वाध्याय

१. २० मिमी व्यासाच्या गोळ्यांची रिक्तता ०.४० असल्यास १ लिटर माध्यमाचे पृष्ठफळ काढा.
२. रोजचे खाद्य दुप्पट केल्यास वरील डब्यातील प्राणवायू किती वेळ पुरेल?
३. वनस्पतींच्या टाकीत झिओलाइट कायम का ठेवू नये, ते तुमच्या शब्दांत लिहा.