हिशेबात न बसलेले १८ लाख

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकोणिसाव्याच्या उत्तरार्धापर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १ कोटी २५ लाख माणसे गुलाम म्हणून जहाजांत चढवली गेली. अटलांटिकपलीकडे उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. वजाबाकी १८ लाख, म्हणजे दर सात जणांमागे एक. जे उतरले त्यांची निदान विक्रीच्या वहीत नोंद झाली. या १८ लाखांना ना वही, ना कबर. आजच्या आफ्रो-कॅरिबियन कलेचा बराच भाग या वजाबाकीपाशी येऊन थांबतो.

उत्तर अमेरिकेत थेट उतरवलेले सुमारे ३ लाख ८८ हजार, तर एकट्या जमैकात सुमारे १० लाख. १८३४ मध्ये ब्रिटनचा सुटकेचा कायदा लागू झाला, तेव्हा जमैकात उरले होते सुमारे ३ लाख ११ हजार. काही जण पुढे अन्यत्र विकले गेले, ते वगळले तरी तूट मोठीच राहते. उलट अमेरिकेत १८६० पर्यंत गुलामांची संख्या ३९ लाखांवर गेली होती. जमैकाच्या उसाच्या मळ्यांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आणि खड्डा नव्या जहाजांनी भरला जाई.

असे एक जहाज ८ एप्रिल १८३०च्या रात्री मार्टिनिक या फ्रेंच बेटावरच्या खडकांवर फुटले. आत सुमारे ३०० बंदी होते. वाचले ८६, त्यांत ६० स्त्रिया आणि २६ पुरुष. एरवी या जहाजांत पुरुषांची संख्या जास्त असे. इथे प्रमाण उलटले, कारण पुरुषांच्या पायांत बेड्या होत्या. फ्रान्सने हा व्यापार आधीच बेकायदा ठरवला होता. त्यामुळे वाचलेल्यांना गुलाम म्हणता येईना आणि स्वतंत्र मानायची कुणाची तयारी नव्हती. त्यांना फ्रेंच गयानातल्या केयेनला धाडले गेले. मेलेल्या गोऱ्या खलाशांना गावच्या दफनभूमीत जागा मिळाली, बंद्यांना किनाऱ्यावर.

त्याच किनाऱ्यावर, आन्स काफार इथे, १९९८ मध्ये शिल्पकार लोराँ वालेर यांनी १५ पुतळे उभारले. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपल्याला तेव्हा १५० वर्षे झाली होती. प्रत्येक पुतळा अडीच मीटर उंच, पांढऱ्या काँक्रीटचा. तिथे पांढरा हा शोकाचा रंग. खांदे पडलेले, हात लोंबते, तोंड समुद्राकडे. मांडणी त्रिकोणी, युरोप-आफ्रिका-अमेरिका या तीन टोकांच्या व्यापारासारखी. ३०० बंद्यांमागे १५ पुतळे, म्हणजे ५ टक्के. पण मला बोलका वाटतो तो शिल्पाच्या नावातला आकडा : ‘काप ११०’. होकायंत्रावर ११० अंश, गिनीच्या आखाताची दिशा. जहाजाचे नाव ठाऊक नाही, बंद्यांचा आकडा अंदाजे आहे. दिशा तेवढी अंशापर्यंत सांगता येते. वालेर यांनी तीच नावात घेतली.

ब्रिटनचा हिशेब मात्र पौंडापर्यंत उपलब्ध आहे. १८३३ मध्ये संमत झालेल्या त्या सुटकेच्या कायद्याने सुमारे ८ लाख गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली, सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. माणशी सरासरी २५ पौंड. सुटलेल्यांना शून्य, वर बहुतेकांना १ ऑगस्ट १८३८ पर्यंत सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे बिनपगारी काम. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड झाली २०१५ मध्ये. म्हणजे कॅरिबियन वंशाच्या ब्रिटिश करदात्यांनीही ते फेडले. सात वर्षांनी, २०२२ मध्ये, गयानात वाढलेल्या ह्यू लॉक यांनी लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये सुमारे १५० आकृत्यांची मिरवणूक मांडली. जवळ गेले की त्यांच्या कापडांवर छापलेली जुनी शेअर सर्टिफिकेटे दिसतात. संग्रहालयाचे संस्थापक हेन्री टेट साखरेचे कारखानदार होते. त्यांचा कारखाना सुटकेनंतरचा, हे नोंदवायला हवे.

उंची आणि टिकाऊपणा यांचा संबंध नसतो, हे कोपनहेगनने दाखवले. ला वॉन बेल आणि जेनेट एलर्स यांची ‘आय ॲम क्वीन मेरी’ ही ७ मीटर उंच मूर्ती मार्च २०१८ मध्ये उभी राहिली. विषय होता १८७८चे, सेंट क्रॉई या तेव्हाच्या डॅनिश बेटावरचे बंड, तिथली गुलामगिरी कागदोपत्री संपल्यानंतर ३० वर्षांनी झालेले. डेन्मार्कने आपली कॅरिबियनमधली बेटे १९१७ मध्ये अडीच कोटी डॉलरना अमेरिकेला विकली. मूर्ती डिसेंबर २०२०च्या वादळात मोडली.

मॉन्सेरातमध्ये जन्मलेल्या वेरोनिका रायन यांनी उंची घेतलीच नाही. लंडनच्या हॅकनीत २०२१ मध्ये त्यांनी रस्त्याकडेला तीन फळांची शिल्पे ठेवली : सीताफळ, नीरफणस आणि मामफळ. यांतला नीरफणस १७९३ मध्ये पॅसिफिकमधून कॅरिबियनमध्ये आणला गेला, गुलामांना स्वस्तात पोसायला. २०२२चे टर्नर पारितोषिक रायन यांना मिळाले तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. इतक्या वयात ते कुणालाच मिळाले नव्हते.

एक आकडा मात्र चुकीच्या खात्यावर पडला आहे. ग्रेनाडाच्या समुद्रतळाशी जेसन डीकेअर्स टेलर यांनी २००६च्या सुमारास हात धरून वर्तुळात उभी असलेली शिल्परूपी २६ मुले ठेवली. पाहणाऱ्यांनी त्यांना जहाजांवरून फेकलेल्या बंद्यांचे स्मारक मानले. आपला तो हेतू नव्हता, असे टेलर यांनी सांगितले आहे. तरी लोक त्या मुलांना बुडालेलीच समजतात.